मेट्रनबाईंचं सोंग

नर्स गोड बोलायला लागली की पेशंटने सावध व्हावं, आणि कडक वागायला लागली की त्याहून सावध व्हावं. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. उभा जन्म मी हेच केलं. गोड बोलून सुया टोचल्या, दरडावून माणसं अंथरुणातून उठवली, आणि शेवटी मेट्रन होऊन नव्या पोरींनाही हेच शिकवलं. त्यामुळे माझ्याच घरी माझ्यासाठी नर्स ठेवली गेली, तेव्हा पहिल्या दिवसापासून माझी तिच्यावर नजर होती. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

झालं होतं असं, की बाथरूममध्ये पाय घसरून मी आपटले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूचा सांधा बसवला, आणि मला घरी आणून पुढच्या खोलीत पलंगावर ठेवलं. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणायचं आपलं, डोक्यावर एक काळा केस शोधून सापडायचा नाही. पण मी त्याला अजून धाकट्याच म्हणते. आई आमची लवकर गेली, त्याला मीच वाढवलं. मी लग्न केलं नाही, त्याची बायको आजारात गेली, मूलबाळ नाही, मग आम्ही दोघं पुन्हा एका छपराखाली आलो. तो शिंपी. दुकान बंद केलं तरी मशीन मागच्या खोलीत आणून ठेवलंय. हात बारीक कामाचा आणि जीभ थट्टेची. मी हॉस्पिटलातून आले त्या दिवशी म्हणाला, "ताई, एक पाय आखूड झाला असेल तर आत्ताच सांग, गाऊन एका बाजूने दुमडून देतो."

नर्स आली ती दारातूनच म्हणाली, "काय मावशी, बरं आहे ना?"

माझं डोकंच फिरलं. "मावशी कोण? हॉस्पिटलात मावशी म्हणजे फरशी पुसणारी. मी मेट्रन होते. मला मॅडम म्हणायचं."

ती हसली नाही की रागावली नाही. "बरं, मॅडम," म्हणाली आणि चादर बदलायला लागली. मी पलंगावर असतानाच, मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवून, एक सुरकुती न ठेवता. मी हात लावून कोपरे तपासले. चूक सापडली नाही, आणि खरं सांगू, याचाच मला जरा राग आला. तेव्हापासून मनातल्या मनात मी तिचं नाव टापटीप ठेवलं.

सुरुवातीला आमचं बरं जमलं. अंग पुसून द्यायची, टाचांखाली मऊ घडी ठेवायची म्हणजे कातडी सोलवटायला नको, पाठ रोज न चुकता बघायची. भातसुद्धा भरवायची. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? जन्मभर लोकांची पाठ मी पुसली, आता कुणीतरी माझी पुसत होतं.

आणि मग एका सकाळी वारं फिरलं. टापटीप आली, खिडकी सताड उघडली आणि म्हणाली, "मॅडम, आजपासून चमचा तुमच्या हातात. गाऊनची बटणं तुमची तुम्ही लावायची. आणि संडासला वॉकर घेऊन तुम्ही जायचं. मी मागे असेन, पण हात लावणार नाही."

"का गं? डॉक्टरांनी सांगितलं?"

"मी सांगतेय."

जेवण, कपडे, संडास. मी सावध झाले. कारण या तीन गोष्टी एकत्र कुठे विचारतात हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

रिटायर झाल्यावर काही वर्षं मी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जायचे. नवीन येणाऱ्यांना तपासायचं काम होतं. तपासायचं म्हणजे काय, तीन प्रश्न विचारायचे. स्वतःच्या हाताने जेवता का? स्वतःचे कपडे घालता का? स्वतःच्या पायाने संडासला जाता का? तिन्हीला होय आलं तर आत. एकालाही नाही आलं तर आश्रमवाले हात जोडायचे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आम्हाला झेपत नाही म्हणायचे. घरच्या लोकांना हे पक्कं ठाऊक असायचं. मग ते आणायच्या आधी म्हाताऱ्यांकडून घरी तालीम करून घ्यायचे. एका आजोबांना सुनेने बटणांची इतकी तालीम दिली होती, की ते माझ्याशी बोलता बोलताही शर्टाची बटणं काढत होते आणि लावत होते. बिचाऱ्यांना वाटत होतं, आपण बरे होतोय म्हणून घरचे एवढं कौतुक करतायत. मी मान डोलवायचे आणि ते आत जायचे. आत गेलेलं माणूस पुन्हा स्वतःच्या घरी राहायला गेल्याचं मी एकदाही पाहिलं नाही.

म्हणजे आता माझी पाळी. मला माझ्या घरातून काढणार होते. दुसरा कुणी असता तर मी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण नर्स ठेवली होती धाकट्याने. त्याच्या नकळत हे चाललं असेल, असं मनाला कितीही समजावलं तरी पटेना.

आणि धाकट्याचंही काहीतरी बिनसलं होतंच. पूर्वी चहाचा कप घेऊन माझ्या पलंगावरच पाय वर करून बसायचा, गल्लीतल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचा. आता दाराशी खुर्ची टाकून बसायला लागला, तेही काळा चष्मा लावून. म्हणे, "डोळे आलेत ताई, तुला लागतील." डोळे आलेत! अरे, डोळे आलेलं माणूस सारखं डोळे पुसतं, उजेडाला तोंड फिरवतं. हा एकदाही रुमाल काढत नव्हता. मी मेट्रन, मला बनवतोस? डोळे आल्याचं निमित्त करून हा माझ्या डोळ्याला डोळा द्यायचं टाळतोय, एवढं मला त्या दारापासूनच्या अंतरावरूनही कळत होतं. मनात पाप असलं की असंच होतं. जेवायलाही बरोबर बसेना. विचारलं तर ठरलेलं उत्तर, "मी आधीच जेवलो."

मग ती दोघं मिळून बाहेर जायला लागली. तेवढ्या वेळापुरती शेजारीण माझ्याजवळ येऊन बसायची. टापटीप म्हणायची औषधं आणायला जाते. धाकटा म्हणायचा दोरा आणायला जातो. आता दोरा आणायला नर्स कशाला लागते, हे मला कुणीतरी समजावून सांगा. जायची सकाळी आणि यायची जेवणं टळून गेल्यावर. शेजारीण एकदा खिडकीतून बघत म्हणाली, "अगंबाई, गाडीतून उतरताना तुमच्या भावाने तिच्या खांद्याला धरलंय."

आधी मला वाटलं, म्हातारचळ. लागतो काहींना. पण टापटीप आत आली तेव्हा मी तिचा चेहरा नीट बघितला. घाम पुसत होती, वैतागली होती, आणि आल्या आल्या हात धुवायला गेली. अशा तोंडाने कुणी फिरायला जाऊन येत नाही. म्हणून ती शंका मी काढून टाकली आणि मूळच्या शंकेवर परत आले. आश्रम बघायला गेली असणार, दुसरं काय? तिथे चढावर बराच रस्ता चालायला लागतो, धाकट्याला धाप लागली असणार.

पुढे एक मिस्त्री आला. बाथरूममध्ये, संडासात आणि माझ्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंतच्या बोळात त्याने भिंतीला स्टीलच्या दांड्या ठोकल्या. दिव्यांची बटणं खाली घेतली. ड्रिलच्या आवाजाने माझं डोकं उठलं. मी विचारलं, "हे कशाला?" तर टापटीप म्हणते, "धरायला." मनात म्हटलं, धरायला नाही, विकायला. घर विकायचं असलं की आधी डागडुजी करतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

वर नवे गाऊन आले. धाकट्यानेच शिवलेले, पण द्यायला स्वतः आला नाही, टापटीपच्या हाती पाठवले. पुढून उघडे, बटणं बोराएवढी मोठी. आश्रमातल्या सगळ्या बायका असलेच गाऊन घालतात. मी ते हातात घेतले आणि मला रडूच कोसळलं. टीप इतकी सुरेख होती! माझ्या भावाने मला घराबाहेर काढायचे कपडेसुद्धा मन लावून शिवले होते.

पण रडत बसणाऱ्यातली मी नाही. मी विचार केला, तीन प्रश्न आहेत ना? एकाचं उत्तर जरी नाही आलं तरी मला आत घेणार नाहीत. मग बसा म्हणावं हात चोळत.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. आणि सोंग कसं घ्यायचं हे मला कुणी शिकवायला नको. घरी जायचं नाही म्हणून वॉर्डात मुक्काम ठोकणारे पेशंट मी ढिगाने पाहिलेत. नवशिके असतात ते विव्हळतात. मुरलेले कधी विव्हळत नाहीत. ते उठायचा प्रयत्न करतात, अर्ध्यावर थांबतात, "नाही नाही, जमेल मला," असं म्हणतात आणि खाली बसतात. बघणाऱ्याचाच जीव कळवळतो. मी तेच सुरू केलं. चमचा तोंडाजवळ नेऊन असा थरथरवायचे की सूप गळ्यावर सांडायचं. बटण चुकीच्या काज्यात घालायचे आणि भाबडेपणाने टापटीपकडे बघायचे. वॉकर धरून दोन पावलं टाकायची आणि भिंतीला टेकायचं. धाकटा दाराशी बसून हे सगळं बघायचा. थोड्या वेळाने खुर्ची मागे सरकवून उठून जायचा. बरी खोड मोडली, असं मला वाटायचं.

एक मात्र होतं. पडून राहिलं की म्हातारं माणूस संपतं, हे मला चांगलंच ठाऊक. आधी पाय जातात, मग पाठ फुटते, मग छातीत कफ धरतो. म्हणून टापटीप स्वयंपाकघरात गेली की मी उठायचे आणि पलंगाला धरून गुपचूप फेऱ्या मारायचे. पुढे पुढे न धरताही. तिची चाहूल लागली की पुन्हा पांघरुणात. या वयात असली चोरी करताना मला मजाही येत होती, कशाला लपवू?

टापटीपला वास लागला. नर्सच ती. एकदा पायाला तेल लावताना तिचा हात पोटरीवर थांबला.

"मॅडम, पोटरी चांगली घट्ट झालीय."

"तुझ्या हाताचा गुण."

"माझ्या हाताने पोटरी घट्ट होत नाही. चालल्याने होते."

"मग चालवतेस की तू मला, दोन पावलं."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. दोघीही एकाच शाळेच्या. तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, पण तिने ते गिळलं आणि दुसरा पाय घेतला.

त्याच आठवड्यात मी धाकट्याला तोंडावर विचारलं. तो नेहमीसारखा दाराशी, काळा चष्मा, अंगात ढगळ स्वेटर. मी म्हटलं, "धाकट्या, आडून आडून नको. मला आश्रमात टाकायचा बेत आहे ना तुमचा?"

तो दचकला. मग म्हणाला, "ताई, वेड लागलंय का? तुझ्या घरातून तुला कुणी हलवणार नाही. आईची शपथ."

"मग ही तालीम कशाला? आणि तू एवढा लांब का बसतोस?"

"डोळे..."

"डोळे गेले खड्ड्यात! इतके दिवस कुणाचे डोळे येतात?"

तो मान खाली घालून स्वेटरचा सुटलेला दोरा ओढत बसला. मग म्हणाला, "तू फक्त चालायला लाग गं ताई. एवढं एक माझं ऐक. बाकी काही विचारू नकोस." आवाजात काकुळती होती. मला ती ऐकू आली, पण माझ्या कानांनी तिचा अर्थ लावला तो आपल्याच सोयीचा. मी म्हटलं, बघा, कसा घाईला आलाय.

आणि दुसऱ्या दिवशी टापटीपचा तोल सुटला. मी सूप सांडलं होतं, नेहमीसारखंच, जरा जास्तच. तिने फडकं घेतलं आणि ते माझ्या गळ्याशी नेता नेता टेबलावर आपटलं.

"मॅडम, बास करा हो! इतका वेळ नाहीये!"

"वेळ नाही? कुणाला वेळ नाही?"

तिचा चेहरा उतरला. ओठ घट्ट मिटून फडकं उचललं आणि माझा गळा पुसला. "माफ करा," म्हणाली. "चुकले." पुढे कितीही उकरलं तरी तोंड उघडलं नाही. मी मनात हिशेब मांडला. आश्रमात खाट रिकामी झाली असणार, आणि ती दुसऱ्याला जायच्या आत मला तिथे पोचवायचं असणार. म्हणून वेळ नाही. सगळं कसं जुळत होतं! शंका एकदा डोक्यात शिरली की जगातली प्रत्येक गोष्ट तिच्याच बाजूने साक्ष देते.

तो दिवस आला तेव्हा दुपार होती. जेवण झालं होतं, मला झोप लागलीय असं समजून टापटीप मागच्या खोलीकडे गेली. मशीन चालू होतं. मग थांबलं. दार लोटल्याचा आवाज आला. आणि मग दबक्या आवाजात बोलणं, थोडं तिचं, थोडं त्याचं. शब्द कळत नव्हते. म्हटलं, आज रंगेहाथ पकडते. दोघांना समोरासमोर विचारते, मला कुठे नेताय आणि कधी. मग बघू कुणाची जीभ चालते.

वॉकर घेतला नाही. त्याची टकटक होते. उठले आणि भिंतीवरच्या दांडीला धरून बोळातून चालत निघाले. खुबा दुखत होता, पण रागात ते माझ्या लक्षात नव्हतं. दारापाशी आले, दांडी सोडली आणि दार ढकललं.

धाकटा खाटेच्या कडेवर बसला होता, उघडा. टापटीप त्याची पाठ ओल्या फडक्याने पुसत होती. तो इतका वाळला होता की खांद्याची हाडं वर आली होती, हातांच्या काड्या झाल्या होत्या, आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं ताणलेलं. चष्मा उतरवून ठेवला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. मशीनवर त्याचीच पँट पडली होती, कंबरेला टाचण्या लावलेली, आत घ्यायला. ढगळ स्वेटरखाली तो किती दिवस काय घालत होता, देव जाणे.

मेट्रनला रिपोर्ट दाखवावा लागत नाही. असे पेशंट मी पाहिले होते, आणि ते किती टिकतात हेही पाहिलं होतं. मी टापटीपकडे बघितलं. तिने नजर खाली वळवली. आमच्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर असंच देतात.

मी दाराची चौकट धरली. भांडायला आले होते ना मी!

आणि धाकटा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "तू चालत आलीस?"

"धाकट्या, हे काय आहे? कधीपासून आहे?"

"वॉकर कुठाय तुझा?"

"मसणात गेला वॉकर! मला का नाही सांगितलंस?"

"अगं, तू चालत आलीस! एकटी! सिस्टर, बघितलंत? बोळातून एवढी चालत आली!" तो हसत होता आणि त्या पिवळ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी इतकी वर्षं नोकरी केली, बरं होऊन घरी जाणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांची तोंडं पाहिली, पण असा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. मला तो बघवेना.

मी कशीबशी जाऊन त्याच्या शेजारी खाटेवर बसले. टापटीपला म्हटलं, "आणि तू? तू कशी गप्प बसलीस? मी इथे दोन खोल्यांवर होते."

"पेशंटने नको म्हटलं होतं, मॅडम."

पेशंट सांगू नको म्हणाला तर त्याच्या सख्ख्या आईलाही सांगायचं नाही, हे मीच पिढ्यान्पिढ्या पोरींना घोकायला लावलेलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी धाकट्याला विचारलं.

"म्हणाले, कापून उपयोग नाही. शिंप्याला सांगतात बघ कसं!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मग दम लागून थांबला. टापटीपने त्याच्या अंगावर शर्ट घातला. दम परत आल्यावर म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, सांग. वॉकर फेकून माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. माझंच करत राहिली असतीस. पुन्हा पडली असतीस. आणि मी गेल्यावर तुला कोण उठवणार होतं? लोकांनी उचलून तुझ्या त्या आश्रमाच्या दारात नेली असती, आणि तिथे घेतलं नाही तर आणखी कुठे. तुला तिथे जायचं नाही, मला माहितीये ना. तिथे तपासायला जाऊन आलीस की जेवायची नाहीस तू. म्हणून सिस्टरना म्हटलं, माझं होईल तसं होऊ दे, आधी हिला उभी करा. स्वतःचं जेवली, स्वतःचे कपडे घातले, स्वतः संडासला गेली, की हिला घरातून कुणी हलवू शकत नाही."

त्याच तीन गोष्टी. आश्रमात जायलाही त्याच लागतात आणि घरात राहायलाही त्याच. मला तेवढं साधं कळलं नव्हतं. तो दाराशी बसून रोज वाट बघत होता, आज तरी ताईच्या हातातला चमचा सरळ तोंडात जातोय का, आणि मी त्याच्यासमोर मुद्दाम सूप सांडत होते. त्याच्याकडे जे थोडे दिवस उरले होते ते मी गळ्यावर सांडून पुसून घेतले. मला स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मी सोंग करत होते रे," मी म्हटलं. "मला येत होतं सगळं. केव्हाच येत होतं. मला वाटलं, तू मला..." हमसून हमसून रडू आलं.

मला वाटलं आता तो रागावेल, आणि रागावायलाच हवा होता.

"सोंग?" तो म्हणाला. "म्हणजे सूपही येतं?"

"येतं."

"आणि बटणं?"

"हो रे बाबा."

"अगं, तू काय बाई आहेस!" तो म्हणाला आणि पुन्हा हसायला लागला. "सिस्टर, ऐकलंत? मेट्रनबाई सोंग करत होत्या! आणि मी म्हटलं आता काही हिचं खरं नाही."

"मला शंका होतीच," टापटीप म्हणाली. तिने तोंड फिरवून बादली उचलली.

मी त्याचं मनगट हातात घेतलं. नाडी बघायला. नाडी बारीक आणि घाईची होती. माझं डोकं आपोआप चालायला लागलं, याला काय द्यायचं, उशी कशी लावायची, रात्री कुणी जागायचं. माझ्या घरातून मला आता कुणी काढणार नव्हतं. घर माझंच राहणार होतं, आणि त्यात मी एकटीच राहणार होते.

त्याने मनगट सोडवून घेतलं.

"नाडी मग बघ," तो म्हणाला. "आधी पुन्हा चालून दाखव. मघाशी नीट बघायला मिळालं नाही."

"धाकट्या, आत्ता नको."

"आत्ताच. दारापर्यंत जा आणि परत ये."

मी टापटीपकडे बघितलं. तिने बादली खाली ठेवली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हात मागे बांधून.

मी उठले. डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं नीट दिसत नव्हतं. भिंतीला हात लावून दारापर्यंत गेले आणि वळले. तो उशीला टेकून, थोडा पुढे झुकून बघत होता.

"हात सोडून," तो म्हणाला.

मी भिंत सोडली आणि त्याच्याकडे चालत गेले.